यमुनाताईची मराठीची तोंडी

ऑक्टोबर लागला की आमच्या कॉलेजच्या जिन्यात खळीचा वास येतो. शिपाई परीक्षेची वेळापत्रकं भिंतीला चिकटवत असतो, गेल्या सत्राच्या कागदांवरच नवे कागद, आणि त्या जाड थरावर मुलं नखाने आपापले बैठक क्रमांक शोधत असतात. खिडकीखालच्या गल्लीत लूम चालू असतात. पलीकडच्या कारखान्यात सुताला लावायची खळ शिजते, तिचा आंबूस वास वर येऊन जिन्यातल्या वासात मिसळतो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवतं. आणि मी, भिवंडीत एकवीस वर्षं मराठी शिकवणारी बाई, तोंडी परीक्षेची यादी हातात घेऊन आधी एवढंच बघते, की त्यात ओळखीचं नाव नाही ना.

यंदा नव्हतं. तीन वर्षांपूर्वी होतं.

पदवीसाठी विद्यापीठाला आता एका भारतीय भाषेतलं प्रावीण्य लागतं. त्याचे चार क्रेडिट. ते मिळवायचे तर सत्रभर वर्गात बसायचं, नाहीतर ज्याला ती भाषा मुळातच येते त्याने वर्गात न बसता एकच परीक्षा द्यायची. पन्नास गुण लेखी, पन्नास तोंडी, दोन्हीकडे किमान वीस. संधी एकदाच. हुकली की मग निमूट वर्गात येऊन बसायचं. नोकरी करणाऱ्यांसाठी, शिक्षण सुटलेल्यांसाठी ही वाट ठेवली आहे. मला हा नियम फार आवडला होता. माणसाला जे आईच्या दुधाबरोबर आलं, ते त्याला पुन्हा शिकायला लावू नये, अशा अर्थाचा एक लेखही मी कॉलेजच्या वार्षिकात लिहिला होता. लोकांनी कौतुक केलं होतं.

यमुनाताई माझी चुलत बहीण. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मानकोलीच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला आमचं गाव. माझे बाबा आणि तिचे बाबा सख्खे भाऊ, दोन घरांना अंगण एक. आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं आहेत, पांढऱ्या पत्र्याची, एवढी लांब की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. त्यातल्याच एका गोदामात यमुनाताई कामाला लागली होती. आमच्याच शेतावर, असं ती हसून सांगायची. पॅकिंगच्या लाइनवर चाळीस बायका तिच्या हाताखाली होत्या आणि तीन वर्षं ती ‘तात्पुरती इन्चार्ज’ होती. त्या वर्षी कंपनीने कळवलं, की डिसेंबरपासून इन्चार्ज कायमचा नेमायचा आणि तो पदवीधरच हवा.

लग्न ठरलं म्हणून तिचं कॉलेज तिसऱ्या वर्षात सुटलं होतं. नव्या नियमात जुने क्रेडिट धरले गेले. उरलेले विषय तिने शिफ्ट सांभाळून, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकेक करत सोडवले. अर्थशास्त्र सोडवलं, संगणक सोडवला, इंग्रजीसुद्धा. मराठी शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यांत सोपी. ती मला म्हणाली होती, “मराठीच तं हाय, बाय. ती काय, आपल्या घरचीच हाय.”

आमच्याकडे लाडक्या धाकट्या मुलीला बाय म्हणतात. मी जन्मले तेव्हापासून तिच्यासाठी बाय होते. प्राध्यापक झाल्यावरही बायच.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती माझ्या घरी आली. दिवाळीचा माल निघत होता, त्यामुळे रविवारचीही ड्युटी होती. ती तशीच आली, अंगात गोदामाचं नारिंगी जॅकेट, बोटांना खोक्यांच्या कडांनी कापल्याच्या बारीक रेघा. तयारी करून घे म्हणाली. मी चहा ठेवला आणि तिला चार शब्द म्हणायला सांगितले. पाणी, आणि, काळा, डोळे. ती म्हणाली पानी, आनि, काला, डोले. पुन्हा म्हण म्हटलं. पुन्हा तेच. माझी मुलगी आतून बाहेर आली, सोफ्याच्या पाठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिली आणि खुसखुसू लागली. यमुनाताईही हसली. हसू दे गं तिला, म्हणाली, पोर हाय.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी तिला म्हणाले, “असं बोललीस तर अडाणी वाटशील.”

तिचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली. मग तिने वही काढली आणि मी सांगितले तसे ण आणि ळ लिहून काढले, ओळीमागून ओळ, पहिलीतल्या मुलीसारखे. जाताना जिन्यात पुटपुटत होती, पाणी, पाणी, पाणी.

मी स्वतः अठरा वर्षांची होईपर्यंत पानीच म्हणत होते. पहिल्या वर्षाला एकदा माझ्या बोलण्यावर अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी आरशासमोर बसून शब्द घोटले, आणि ते इतके घोटले की घरीही पाणीच म्हणू लागले. बाबा म्हणाले, पोरगी शहाणी झाली. त्यात कौतुक होतं की आणखी काही, हे मी त्यांना विचारलं नाही. पुढे आईबाबांशी माझं बोलणं कमी झालं ते कामामुळे, असं मी सांगते. खरं म्हणजे त्यांच्याशी कसं बोलायचं तेच मला ठरवता येईना. त्यांच्यासारखं बोललं तर मी माझी राहत नव्हते, आणि माझ्यासारखं बोललं तर ते पाहुण्यांसमोर बसल्यासारखे बसायचे.

परीक्षेच्या दोन दिवस आधी परीक्षकांनी भरायचा फॉर्म आला. त्यात एक वाक्य असतं, की उमेदवारांत माझे कोणी नातेवाईक नाहीत. नातेवाईक असेल तर बाजूला व्हायचं. दुसऱ्या कॉलेजचा परीक्षक येतो. एवढं साधं. पण बाजूला होण्यासाठी कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण बाहेरून येणाऱ्या सहपरीक्षक सरांच्या हाती पडलं असतं. शहरातले निवृत्त प्राध्यापक, मोठं नाव. माझ्या बढतीच्या समितीवर तेच बसणार होते. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात माझं भाषण ऐकून ते म्हणाले होते, तुम्ही भिवंडीच्या वाटत नाही हो. मी मान लववून आभार मानले होते आणि घरी येऊन ते वाक्य नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. आता त्यांच्यासमोर मी सांगणार होते का, की ती डोले म्हणणारी बाई माझी बहीण आहे?

मी सही केली. वर संध्याकाळी यमुनाताईला फोन करून सांगितलं, की परवा मला ओळख दाखवू नकोस, तसा नियम आहे.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी इथले लूम बंद असतात. ज्यांनी भिवंडीत दिवस काढलेत त्यांनाच कळेल, ती शांतता कशी असते. रोजची खटखट थांबते आणि कान बावरतात. दूरच्या गल्लीतल्या नळाची धार, खालच्या मजल्यावर कुणी ओढलेलं बाक, सगळं कानाशी येतं. त्या दिवशी खोलीत एकेक शब्द काचेच्या ग्लासासारखा टेबलावर ठेवला जात होता.

यमुनाताई दहावी होती. कडक इस्त्रीची निळी साडी, केसांत अबोलीचा छोटा गजरा. अर्ध्या दिवसाची सुटी मागून आली होती. तिने आधी सरांना, मग मला नमस्कार केला. मला मॅडम म्हणाली. सरांनी स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं.

“माझे णाव यमुणा,” ती म्हणाली.

मी शिकवलेला ण होता तो. रविवारपासून तिने तो इतका घोटला होता, की आता तिच्या तोंडात न उरलाच नव्हता. मी गोदामात काम करते आणि चाळीस बायका सांभाळते, एवढं साधं सांगताना ती न कुठला आणि ण कुठला यात अडखळत होती. जीवण म्हणाली. मणापासूण म्हणाली. सरांनी रुमाल तोंडाला लावला. एवढे ण आणलेत कुठून बाई, असं त्यांनी गमतीने विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही हसले. आवाज न करता, पण तिला दिसेल असं.

मग विषयाची चिठ्ठी उचलायची होती. पाच मिनिटं बोलायचं. तिच्या चिठ्ठीत निघालं, ‘माझ्या गावातील पाण्याचे नियोजन’. तिने चिठ्ठी वाचली, घडी केली, पदराच्या टोकाने ओठावरचा घाम टिपला. आणि मला वाटतं, तिथे तिने ठरवलं की आता ण राहू दे. ती आमच्या घरचं बोलू लागली.

ती उघाडीबद्दल बोलली. खाडीच्या बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला आम्ही उघाडी म्हणायचो. भरतीचं खारं पाणी येऊन धडकलं की ते दार आपोआप लागायचं आणि भात वाचायचं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं गोडं पाणी त्याला ढकलून बाहेर पडायचं. ती म्हणाली, भादव्याच्या उधाणात माजा काका त्या दाराशी बसून राहायचा. “दाराला कान लावला का त्याला कलायचा, पानी कुठला हाय, आतला का भायेरचा.” मग भराव आला, बांध गेला, आणि उघाडी कुठे गाडली गेली हे आता कोणालाच माहीत नाही, म्हणून दर पावसाळ्यात गोदामात पाणी शिरतं, पंप लावतात, साहेब लोक नकाशे उघडून बसतात. ती सांगत होती तेव्हा तिचे हात त्या फळीचा आकार हवेत करत होते. एकवीस वर्षांच्या तोंडी परीक्षांत इतकं नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणजे न कळल्यामुळे काही झालं, असं मला म्हणता येत नाही.

तो काका म्हणजे माझे बाबा.

सरांनी तिला मध्येच थांबवलं. उघाडी काय, तुम्हाला उघडीप म्हणायचंय का, त्यांनी विचारलं. पाऊस थांबतो ती उघडीप. ती म्हणाली, न्हाय सर, उघाडी, दार. सर माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही या बाजूच्याच ना? आहे का असा शब्द?”

खाली गल्लीत कोणी सायकल स्टँडवर लावली, तेवढाच आवाज झाला. त्या दाराला बाबा दर उन्हाळ्यात डांबर लावायचे. त्या डांबराचे डाग माझ्या परकरावर पडायचे, आणि आई ओरडू नये म्हणून यमुनाताई ते रॉकेलने काढून द्यायची.

“माझ्या ऐकण्यात नाही, सर,” मी म्हणाले.

यमुनाताईने माझ्याकडे पाहिलं. तिथे राग असता तर मला बरं वाटलं असतं. आपलं लहान मूल अनोळखी लोकांत काहीतरी भलतंच बोलून बसलं की मोठी माणसं जशी बघतात आणि लगेच सावरून घेतात, तशी ती बघत होती. मग ती सरांना म्हणाली, “मीच चुकली, सर. उघडीपच म्हनायचा व्हता.”

ती खुर्चीवरून उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि गेली.

सरांनी सोळा दिले. परीक्षक दोघं, दोघांच्या गुणांची सरासरी. मी चोवीस दिले असते तर ती काठावर पार झाली असती; पण दोघांत पाचांहून जास्त फरक पडला की कारण लेखी द्यावं लागतं. मी अठरा दिले. वर सरांना म्हणाले, आशय बरा होता, भाषा मात्र कच्ची. ते म्हणाले, तुम्ही फार उदार आहात.

लेखीत तिला अडतीस होते. निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मीच भराभर बोलत सुटले, की एवढं काय त्यात, पुढच्या सत्रात वर्गात बस, मीच शिकवते, क्रेडिट कुठे जात नाहीत. शेवटी ती म्हणाली, तुज्या वर्गात? आणि मग, बरं. माझा वर्ग दुपारी बारा ते एक असतो. तिची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. ती येणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

डिसेंबरात गोदामाला कायमची इन्चार्ज मिळाली. चोवीस वर्षांची, पदवीधर. तिला काम शिकवायला महिनाभर यमुनाताईलाच लावलं.

मार्चमध्ये माझी बढती झाली. समितीत सर म्हणाले, काय स्वच्छ भाषा आहे.

त्याआधी जानेवारीत मी एकदा गोदामाच्या फाटकाशी गेले होते. दुपारी तीनला तिची शिफ्ट सुटायच्या आधी, मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत माझी रिक्षा अर्धा तास अडकली होती, आणि त्या अर्ध्या तासात मी वाक्यं जुळवत होते. मी खोटं बोलले, मला माफ कर. एवढी दोनच वाक्यं, पण प्रत्येक वेळी ती इतकी व्यवस्थित जमत होती की मलाच ती परकी वाटत होती. यमुनाताई बाहेर आली ती नव्या मुलीबरोबर. मला पाहून थांबली.

“बोलिए मॅडम,” ती म्हणाली, “कुछ काम था?”

मला वाटलं, बरोबरची मुलगी अमराठी असेल. गोदामात, लूमवर, नाक्यावर सगळीकडे हिंदीच चालते. आम्ही सगळेच इथे नकळत हिंदीत शिरतो आणि बाहेर पडतो. मी म्हणाले, सहजच आले होते. तिने मान हलवली. बस छूट जाएगी, असं म्हणून ती रस्ता ओलांडून गेली.

नंतर मी प्राचार्यांना एक पत्र लिहिलं. फॉर्मवरची खोटी सही, तो प्रश्न, माझं उत्तर, सगळं. चार पानं. पुन्हा वाचताना दुसऱ्या पानावरचा एक अनुस्वार मी दुरुस्त केला. मग ते पत्र तसंच कपाटात ठेवलं. ते दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती की नाही, मला माहीत नाही. मी तेही कोणाला विचारलं नाही.

त्या प्रसंगानंतर मी बदलले, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. गेल्या आठवड्यात यंदाची तोंडी झाली. नारपोलीची एक मुलगी समोर बसली होती, वडील लूमवर कामाला, घरात चार भाषा. पाण्याच्या टंचाईवर बोलत होती आणि छान बोलत होती. ती पानी म्हणाली. पाणी, मी म्हणाले. विचार करून नाही. शिंक येते तसं तोंडातून गेलं. मुलगी थांबली, कानामागे केस सारले आणि पुढची सगळी मिनिटं अगदी सावकाश, जपून जपून बोलली. मी तिला भरपूर गुण दिले. पण तिची ती जपून बोलण्याची सवय आता जाणार नाही. मला माहीत आहे ती किती टिकते.

गेल्या मे महिन्यात गावात चुलत भावाच्या मुलाची हळद होती. अंगणात मांडव, एका बाजूला मोठमोठे स्पीकर, आणि त्यांच्याशी स्पर्धा करत ओटीवर म्हाताऱ्या बायकांचं लग्नाचं गाणं. यमुनाताई त्यांच्यात बसून गात होती. मध्येच उठून हळदीची वाटी घेऊन फिरू लागली. कोणाच्या गालाला, कोणाच्या दंडाला, एका आजीच्या टकलाला सुद्धा, आणि प्रत्येकीला काहीतरी चावट बोलत, आमच्या घरच्या बोलीत. हसण्याची लाट तिच्याबरोबर पुढे सरकत होती. मी मांडवाच्या खांबाशी खुर्ची घेऊन बसले होते. फिरत फिरत ती माझ्यासमोर आली.

“मॅडम, हल्दी लगा दूं?” तिने विचारलं. “साडी खराब होगी आपकी.”

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. आमच्या थोरल्या काकी, यमुनाताईची आई, ऐंशीच्या घरातल्या, म्हणाल्या, “अगो, शैलाशी हिंदीत काय बोलतेस? ती काय भायेरची हाय?”

यमुनाताईने वळून आईकडे पाहिलं आणि अगदी मायेने, एखाद्या पाहुण्याची अडचण समजावून सांगावी तसं सांगितलं, “त्यांना आपला कलत न्हाय, आये.”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी काहीतरी बोलेन, आमच्यातलं, एखादा शब्द, आणि सगळ्या पुन्हा हसतील, अशी वाट बघत. गाणंही थांबलं होतं. शब्द माझ्या तोंडात आले होते. लाव गं ताई, एवढेच. पण ते कसे म्हणायचे, तो हेल कुठे चढतो आणि कुठे उतरतो, ते मला ऐनवेळी आठवेना. चुकीचं म्हटलं तर या सगळ्या हसतील, असं मनात आलं.

“लगा दीजिए,” मी म्हणाले.

तिने एका बोटाने माझ्या गालाला हळदीचा ठिपका लावला, बोट पदराला पुसलं आणि पुढच्या बाईकडे गेली.